चिकू आणि जुई: घरातल्या सशाला जोडीदार आणतानाचं एक प्रकरण

पुण्यातल्या कर्वेनगरमधलं हे कुटुंब आमच्याकडे आलं ते उन्हाळ्यात, आणि निष्कर्ष पक्का करूनच आलं. ससा एकटा पडलाय, त्याला जोडीदार हवा, तुमच्याकडे सोडवून आणलेले ससे असतात, त्यातला एक द्या. टाकून दिलेल्या सशांना घर मिळवून देणाऱ्यांना अशी विनंती आली की बरं वाटतं, कारण ससे सोडून देणारे पुष्कळ आणि नेणारे थोडे. तरीही या घरातले दोन ससे एका खोलीत मोकळे राहायला लागेपर्यंत नवरात्र उजाडलं. इतका वेळ लागायलाच हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या महिन्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण दर पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं.

घरातला ससा म्हणजे चिकू. नर, साडेतीन वर्षांचा, तपकिरी, वजन 1.9 किलो, नसबंदी झालेली. तो मुळात घरातल्या मुलीचा. ती मागच्या वर्षी शिकायला बंगळुरूला गेली आणि तिचे आई-बाबा, म्हणजे काका-काकू, दोघंही नोकरीवर, त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत चिकू घरात एकटा. काकूंचं म्हणणं असं की मुलगी गेल्यापासून तो कोपऱ्यात बसून असतो, दाराची चौकट कुरतडतो, खाणं कमी झालंय. ‘त्याला करमत नाही हो तिच्यावाचून,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी विचारलं, लेंड्या कशा आहेत? त्यांनी फोनमध्ये ट्रेचा फोटो दाखवला. मिरीच्या दाण्याएवढ्या, वेड्यावाकड्या, थोड्याशाच.

आधी दात

निरोगी सशाच्या लेंड्या गोल, वाटाण्याच्या आकाराच्या, कोरड्या आणि भरपूर असतात. त्या लहान आणि कमी झाल्या म्हणजे पोटात चारा पुरेसा जात नाही. मग तो का जात नाही हे शोधायचं. एकटेपणा हे कारण यादीत खूप खाली येतं, दात सगळ्यात वर.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि मागच्या दाढाही वाढतच असतात. त्या झिजतात त्या गवत रवंथ केल्यासारखं आडवं चघळल्याने. चिकूचा रोजचा आहार होता सकाळी पोळीचा तुकडा, दुपारसाठी वाटीभर पेलेट (दाबून केलेल्या तयार चाऱ्याच्या गोळ्या), संध्याकाळी गाजर आणि आजूबाजूच्या मुलांनी दिलेली बिस्किटं. गवत जवळपास नाहीच. खरं तर मोठ्या सशाच्या आहारात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा गवताचा हवा. डॉक्टरांनी तोंड तपासलं तेव्हा खालच्या दाढांना आतल्या बाजूने टोकं आलेली होती आणि जीभ एका जागी सोलली गेली होती. चघळताना दुखायचं, म्हणून तो गवत टाळायचा, आणि गवत टाळलं की टोकं आणखी वाढायची.

भूल देऊन टोकं घासून काढली. पोळी आणि बिस्किटं कायमची बंद झाली. सुकं टिमथी गवत दिवसरात्र समोर, पेलेट चमचाभर, आणि भाजीवाल्याकडून कोथिंबीर, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचा पाला. गाजर आठवड्यातून एखादी चकती. लसूणघास गोठ्यांवर सहज आणि स्वस्त मिळते, पण तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असतात. वाढत्या पिल्लाला चालते, मोठ्या सशाला रोज देऊ नये. महिन्याभरात लेंड्या पूर्ववत झाल्या आणि वजन 2.1 किलोवर गेलं.

त्या पहिल्या दिवशी आम्ही दुसरा ससा दिला असता, तर तोंडात जखम असलेल्या प्राण्यासमोर एक अनोळखी प्राणी उभा केला असता. दुखणारा ससा कुणालाही जवळ करत नाही. आणि तो खात नाही याचं खापर ‘अजून रुळला नाही’ असं म्हणत नव्या सशावर फुटलं असतं.

दात बरे झाल्यावरही एक गोष्ट उरली. दुपारभर चिकू काहीच करायचा नाही. काकांनी हॉलमध्ये जुना फोन लावून एक अख्खा दिवस रेकॉर्ड केला होता, तो मी पाहिला. सकाळी दार बंद झाल्यावर चिकू दाराशी जाऊन बसला, मग चौकट कुरतडली, मग परत बसला. असे तासन् तास गेले. रानात हा प्राणी वसाहतीत राहतो. दुसरा ससा जागा आहे, कान टवकारून आहे, म्हणून याला निवांत पडता येतं. एकट्याला ती पहाऱ्याची पाळी कधी संपतच नाही. तेव्हा मी मान्य केलं की याला खरंच जोडीदार हवा.

तळजाईवरची जुई

जुई मिळाली जूनमध्ये, तळजाईच्या टेकडीवर. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना झुडपाखाली बसलेली दिसली, पांढरीशुभ्र, पावसात भिजलेली. जवळच चपलांचं रिकामं खोकं पडलेलं होतं. ससा नकोसा झाला की टेकडीवर सोडायचा, तिथे तो निसर्गात मजेत राहील, ही समजूत पुण्यात फार पक्की आहे आणि ती सशांचा जीव घेते. टेकडीवर जो ससा आपल्याला कधीमधी दिसतो तो लेपस निग्रिकोलिस, भारतीय रानससा. घरातला ससा म्हणजे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाची पाळीव जात. दोघांची गुणसूत्रंही जुळत नाहीत, रानसशाची 48 आणि पाळीव सशाची 44, त्यामुळे त्यांची संकरित पिल्लं होत नाहीत. रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावर जन्मतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडंवाघडं, आंधळं, बिळातच जगू शकेल असं. पांढऱ्या रंगाचा, धोका न ओळखणारा पाळीव ससा टेकडीवर कुत्र्यांच्या आणि मुंगसांच्या तावडीतून क्वचितच वाचतो. (उलट, रानसशाचं पिल्लू सापडलं तर ते घरी आणू नये. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. वनविभागाला कळवायचं.)

जुईचं वजन 1.3 किलो होतं. नाकावर, कानांच्या कडांना आणि पंजांवर राखाडी खपल्या होत्या, म्हणजे खरूज. हे आपल्याकडच्या सशांमध्ये फार दिसतं. डॉक्टर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा देतात. कुत्र्या-मांजरांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध घरात पडलेलं असतं आणि लोक तेच वापरतात. सशाला ते घातक आहे. खरूज दुसऱ्या सशाला लागते आणि हाताळणाऱ्या माणसालाही पुरळ येतं, म्हणून ती माझ्या घरी वेगळ्या खोलीत राहिली. तिला घातलेलं गोणपाट रोज बदलायचं आणि उकळायचं. चिकूच्या घरी जाताना त्या खोलीतले कपडे अंगावर नसायचे.

दुसरा प्रश्न ती गाभण आहे का, हा. सापडलेली प्रत्येक मादी गाभण असू शकते असंच धरून चालावं. सशाचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असतो, आणि विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. आम्ही तो पूर्ण महिना जाऊ दिला. पिल्लं झाली नाहीत. याच काळात चिकूचे दातही मार्गी लागत होते, त्यामुळे वाट पाहण्यात कुणाचंच काही बिघडलं नाही.

काकूंच्या भावाचं मत होतं की एवढं सव्यापसव्य कशाला, दुकानातून लहान पिल्लू आणा, लहानपणापासून असलं की जमतं. हे मत चुकीचं आहे. पिल्लू असताना कुणाशीही जमतं. साडेतीन ते पाच महिन्यांचं झालं, वयात आलं, की तीच मैत्री मोडते आणि रक्तबंबाळ होईपर्यंत भांडणं होतात. शिवाय दुकानात नर-मादी चुकीचं सांगितलं जाणं नित्याचं आहे. नराचे वृषण दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास उतरतात, आणि पिल्लं त्याआधीच विकली जातात. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची नोंदणी लागते आणि दूध न सुटलेली पिल्लं विकता येत नाहीत, पण पिल्लाचा पुढचा स्वभाव कुठलाच नियम सांगू शकत नाही. मोठ्या, नसबंदी झालेल्या सशाचा स्वभाव मात्र समोर दिसतो. त्यातही नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी सगळ्यात लवकर जमते.

एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर

कागदपत्रांच्या आधी मी काका-काकूंना एक प्रश्न विचारला, जो मी सगळ्यांनाच विचारते. दोघांचं जमलंच नाही तर? त्यांनी पटकन सांगितलं, जमेल हो, आमचा चिकू फार गरीब आहे. मी म्हटलं, जमेल असं मलाही वाटतं, पण उत्तर न जमण्याचं द्या.

जुईला आणायचं ते चिकूसाठी, हा विचार मला नेहमी अपुरा वाटतो. ती चिकूच्या करमणुकीसाठी आणलेली वस्तू नाही. एकदा टाकून दिलेला प्राणी ‘आमच्या सशाला आवडला नाही’ म्हणून परत येणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा टाकणंच. म्हणून दोन ससे आयुष्यभर वेगवेगळे ठेवायची जागा, दोघांना रोज वेगवेगळा वेळ द्यायची तयारी आणि गवताचा दुप्पट खर्च, हे सगळं असेल तरच पुढे जायचं. ससा आठ-दहा वर्षं जगतो. काकूंनी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. नंतर त्यांचा फोन आला. मुलीशी बोलणं झालं होतं. तिची खोली जुईला द्यायची, जमलं तर ठीक, नाही जमलं तर ती खोली जुईचीच.

नसबंदी आणि मधला काळ

जुईची नसबंदी जुलैअखेर केली. मादीच्या बाबतीत हा केवळ पिल्लांचा प्रश्न नसतो. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप मोठं असतं. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर बरेच आहेत, सशावर शस्त्रक्रिया करणारे त्या मानाने कमी. पारख करायला मी एक प्रश्न सुचवते: ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का? सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून सशाला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. ‘हो, आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधावा. ऑपरेशननंतर वेदनाशामक मिळणार आहे ना, हेही विचारावं. आणि प्रतिजैविक तोंडावाटे देताना ॲमॉक्सिसिलिन नाही ना, हे बघावं. त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो.

जखम भरायला आणि संप्रेरकं शांत व्हायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. नराच्या बाबतीतही नसबंदीनंतर काही आठवडे तो गर्भधारणा करू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. चिकूची कधीच झाली असल्याने इथे तो प्रश्न नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी जुई कर्वेनगरला गेली, मुलीच्या खोलीत. दारात जाळी लावली, एक नाही तर दोन, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून. एकाच जाळीतून ससे एकमेकांचं नाक किंवा ओठ चावू शकतात. काकू रोज दोघांचे ट्रे अदलाबदल करायच्या, चिकूची चटई जुईकडे, जुईचं गोणपाट चिकूकडे. कोथिंबिरीची जुडी सोडून जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवायची, म्हणजे खाताना दुसऱ्याचा वास नाकात जातो आणि तो वास चांगल्या गोष्टीशी जोडला जातो. पहिल्या दिवशी चिकूने मागचा पाय फरशीवर एवढ्या जोरात आपटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. दुसऱ्या आठवड्यात दोघं जाळीला अंग लावून, पाठीला पाठ करून आडवे व्हायला लागले.

समोरच्या आजींची खोली

पहिली समोरासमोर भेट चिकूच्या हॉलमध्ये घ्यायची नाही, जुईच्या खोलीतही नाही. दोघांपैकी कुणाचाच वास नसलेली जागा लागते. समोरच्या आजींनी त्यांची मागची खोली दिली. जुनी इमारत, शहाबादी फरशी. सशाच्या पंजाला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, आणि घसरणारा ससा घाबरून हल्ला करतो. म्हणून आजींनी दोन सतरंज्या अंथरून दिल्या. काकांच्या हातात कचरा भरायची सुपली. ती भांडण सोडवायला लागते: दोन सशांच्या मध्ये हात घालायचा नाही, सुपली सरकवायची. सशाचा चावा हाडापर्यंत जाऊ शकतो.

आम्ही संध्याकाळी भेट घेतली आणि ती फसली, पण सशांमुळे नाही. गणपती जवळ आले होते. नदीकाठी राजाराम पुलाच्या बाजूला ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालेला, आणि पहिला ठोका पडताच दोन्ही ससे पाय आपटत भिंतीला चिकटले. घाबरलेल्या अवस्थेत प्राणी एकमेकांना बिलगतात, त्यालाच काही जण जुळणं समजतात. गाडीतून फिरवून, भीती दाखवून जोडी लावायचा प्रकारही आहे. मला तो मान्य नाही. भीती ओसरली की भांडण बाकी असतंच. भेटीची वेळ बदलून सकाळी सातची केली, पथकं झोपलेली असताना.

सकाळच्या भेटी वीस मिनिटांच्या आसपासच्या. चिकू जुईवर चढायचा, ती पळायची, तो तिचे केस ओढायचा. हे पाहून काकूंचा जीव खालीवर व्हायचा, पण एवढं चालतं. मोठं कोण हे ते ठरवत असतात. चालत नाही ते वेगळं असतं: कान मागे चपटे, शेपटी ताठ, आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे भोवऱ्यासारखे गरगरायला लागणं. ते सुरू होण्याआधीच सुपली मध्ये जायला हवी. डोक्याच्या बाजूने चढणंही लगेच थांबवायचं, कारण खालच्या सशाने चावा घेतला तर तो नाजूक जागी बसतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. चिकू जुईसमोर डोकं खाली घालून बसायचा, म्हणजे मला चाट. जुईही डोकं खाली घालून बसायची. दोघं हनुवटी जमिनीला टेकवून एकमेकांसमोर नुसते बसून. कुणीच चाटत नाही, आणि मग चिकू वैतागून टोचा मारतो. काकूंनी जुईच्या कपाळाला केळ्याचा गर चिमूटभर लावला. चिकूने तो चाटला आणि गर संपल्यावरही थांबला नाही. कानांच्या मुळाशी, डोळ्यांच्या कडेला, पुन्हा कपाळ. जुईने डोळे मिटले नाहीत, पण अंग मात्र सैल सोडलं. त्या सकाळनंतर टोचे बंद झाले.

गौरी-गणपतीत घरी पाहुणे असल्याने भेटींना खंड पडला आणि जाळी परत लागली. दूर्वांच्या जुड्या मात्र दोघांनाही रोज मिळाल्या. दूर्वा म्हणजेच हरळी, हा सशाचा उत्तम चारा आहे, फक्त बाजारातली नीट धुऊन द्यावी. निर्माल्यातली फुलं देऊ नयेत, त्यात कण्हेर असते आणि कण्हेर विषारी आहे.

नवरात्रात हॉल रिकामा करून फरशी पाण्यात व्हिनेगर घालून पुसली, सोफा दुसऱ्या भिंतीला गेला, चिकूचं जुनं खोकं टाकून दिलं. नव्या खोक्याला दोन दारं कापली, कारण एकच दार असलं की आतला ससा कोंडला जातो. वाट्या दोन, ट्रे दोन, गवताचे ढीग दोन. दोघं मोकळे सुटले. पहिली रात्र काका हॉलमध्येच झोपले.

दिवाळीत झालेलं

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी जुईने खाणं सोडलं. सकाळी ती पाठ वर काढून बसलेली, दात कराकरा वाजवत, ट्रेमध्ये तिच्या बाजूला एकही लेंडी नाही. ससा दहा-बारा तास खात नसेल तर तो तातडीचा प्रसंग आहे, उद्या बघू म्हणायचा नाही. काका तिला घेऊन लगेच गेले. सलाईन, वेदनाशामक, आतड्यांना चालना देणारं औषध, सिरिंजने चारा. ती वाचली ती वेळेत गेल्यामुळे.

संध्याकाळी ती घरी आली आणि चिकूने तिच्यावर झडप घातली. पांढऱ्या केसांचा पुंजका त्याच्या तोंडात. अंगाला स्पिरिटचा, दुसऱ्या प्राण्यांचा, अनोळखी टेबलाचा वास. चिकूच्या दृष्टीने दारातून परकी मादी आत आली होती. सशांची ओळख नाकात असते. जाळी पुन्हा लागली. एकच टॉवेल दोघांच्या अंगावर फिरवायचा, ट्रेची अदलाबदल, समोरच्या आजींची खोली. या वेळी आधीच्या मानाने फार पटकन झालं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दोघं परत एका खोक्यात.

तेव्हापासून एकाला डॉक्टरकडे न्यायचं असलं तरी दोघं एकाच पेटीतून जातात. आजारी सशाला ओळखीचा वास सोबत राहतो आणि परतल्यावर दोघांच्या अंगाला एकच वास असतो. आता दत्तक घेणाऱ्या प्रत्येकाला दोन ससे मावतील एवढी पेटी आम्ही आधीच घ्यायला सांगतो.

चिकूच्या दाढा दर तीन-चार महिन्यांनी तपासाव्या लागणार आहेत. एकदा टोकं आली की ती परत येऊ शकतात. जुईचं वजन 1.8 किलो आहे. चौकट कुरतडणं थांबलंय, दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये दोघं सोफ्याखाली लांब पाय करून पडलेले असतात, बराच वेळ काहीच घडत नाही. पुढचा प्रश्न एप्रिल-मेचा आहे. तिशीच्या पुढे पारा गेला की सशाला त्रास सुरू होतो आणि पुण्यात तो चाळिशीला टेकतो. काकांनी आजींच्या खोलीसारखी शहाबादीची एक लादी आणून सोफ्याखाली टाकली आहे, फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवायला जागा करून ठेवली आहे, आणि दुपारी एकदा येऊन बघायची जबाबदारी आजींनी स्वतःहून घेतली आहे.